घुमणारा वर्ग

टाळी वाजवून घर पाहणारे माणूस तुमच्या पाहण्यात आहे काय? आमच्या घरात असे एक आहे. परवा एका स्नेह्यांच्या नव्या जागेच्या वास्तुशांतीला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. यजमान मोठ्या हौसेने स्वयंपाकघरातली कपाटे आणि न्हाणीघरातल्या फरशा दाखवीत होते, आम्ही 'वा, वा' म्हणत होतो, आणि आमची कन्या मात्र प्रत्येक खोलीच्या मध्यभागी उभी राहून एकच खणखणीत टाळी वाजवी व मान तिरपी करून काहीतरी ऐके. यजमानीणबाईंना वाटले, मुलगी भाविक आहे. पण दिवाणखान्यात टाळी वाजवून तिने, "इथं फार घुमतंय, पडदे लागल्याशिवाय टीव्हीवरचं बोलणं कळायचं नाही," असा निकाल दिला, तेव्हा माझी मोठी पंचाईत झाली.

"ती कॉलेजात आवाज शिकते," मी खुलासा केला.

"गाणं का?"

"नव्हे. आवाज."

यजमानांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आता सरावाने माझ्या चांगल्या ओळखीची झाली आहे.

कारण ही नजर प्रथम आमच्याच घरात जन्माला आली. २०२३ साली बारावीचा निकाल लागला आणि कन्येने, "मी साउंड शिकणार," असे जाहीर केले. आमच्या लहानपणी 'साउंडवाला' म्हणजे लग्नाच्या मांडवात कर्णे बांधून 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणणारा गृहस्थ. तो जेवणाच्या पंगतीला सर्वांत शेवटी बसे. माझ्या डोळ्यांपुढे तोच आला. सौ.च्या डोळ्यांपुढे गणपतीच्या मिरवणुकीतली कर्ण्यांची भिंत आली. आणि आत्याबाईंनी तर, "अगो, डीजे होणार म्हणजे लग्न कसं जमायचं?" असा थेट मुद्द्यालाच हात घातला.

मी मराठीचा प्राध्यापक. घरात तीन कपाटे भरून पुस्तके. मुलीला मराठीत शंभरापैकी त्र्याण्णव गुण. तिने माझा विषय घ्यावा, माझी कपाटे पुढे चालवावीत, असे मला वाटत होते. "शब्द सोडून नुसत्या आवाजाच्या मागं लागायचं म्हणजे आंबा सोडून टरफल चोखायचं," असे एक सुभाषितवजा वाक्यही मी तिला ऐकवले. तिने ते ऐकून घेतले. (आमच्या घरी बापाला 'अहो' म्हणण्याची पद्धत माझ्याबरोबर संपली. पण ऐकून घेण्याची पद्धत अजून आहे.) माझ्या या विरोधात थोडा स्वार्थही होता. तो पुढे सांगतो.

मग चौकशी सुरू झाली. आमच्या पुण्यात या विद्येचे मोठे पीठ लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. १९३३ साली 'प्रभात' कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली, १९३६ मध्ये 'संत तुकाराम' तिने पुण्यातच पडद्यावर आणला, आणि पुढे १९६० मध्ये 'प्रभात'च्याच आवारात सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. तिथे ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पण त्याला आधी पदवी लागते आणि बारावीला पदार्थविज्ञानही लागते. तिथेच शिकलेल्या रसूल पुकुट्टी यांना २००९ साली 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या आवाजासाठी ऑस्कर मिळाले, ही माहिती मी आत्याबाईंना पुरवली. त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे." तेव्हा आधी कुठेतरी ध्वनिशास्त्राची पदवी, पुढचे पुढे, असे ठरून कन्या शहरातल्या एका संस्थेत दाखल झाली. वर्गात तीस मुले. त्यांत मुली चार.

त्यानंतर आमच्या घराचे जे झाले, ते प्रयोगशाळेचेही होत नसेल. पहिल्याच महिन्यात तिला 'खोलीची शांतता' मुद्रित करून आणायला सांगितले. शांतता ही मुद्रित करण्याची वस्तू आहे, हे मला नवीन होते. पण प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते म्हणे. चित्रपटात दोन वाक्यांच्या मधे जर त्या खोलीची शांतता भरली नाही तर कान दचकतात. उकाड्यात पंखे बंद करून आम्ही दोघे दिवाणावर मूग गिळून बसलो होतो आणि ती कानाला यंत्र लावून उभी होती. मिनिटभरानंतर म्हणाली, "फ्रीज गुणगुणतोय." फ्रीज बंद केला. "आता बाबांचं नाक." नाकाला बटण नसल्यामुळे मला जिन्यात जाऊन बसावे लागले.

मग कळले की, आमच्या घरातली ध्वनिमुद्रणाला सर्वांत योग्य जागा म्हणजे माझ्या आईच्या लुगड्यांचे कपाट. मऊ कापडाच्या घड्या आवाज पिऊन टाकतात. दोन्ही दारांवर गोधड्या टांगून, कपाटात डोके घालून कन्या बोलू लागली म्हणजे आई माजघरातून विचारी, "ती कुणाशी बोलत्ये?" सौ.चे महत्त्वही या काळात वाढले. कढईत भजी पडताना जो चरचराट होतो तो मुद्रित करून ऐकवला तर हुबेहूब पत्र्यावरच्या पावसासारखा वाटतो. सौ.ची भजी अशा रीतीने परीक्षेत कोकणातला पाऊस म्हणून उत्तीर्ण झाली. एवढे कौतुक त्या भज्यांचे खाऊन कुणी केले नव्हते.

माझा नंबर मात्र लागत नव्हता. एके दिवशी तिने मोबाइलवरून एक स्वर लावला व विचारले, "ऐकू येतोय?" मी म्हणालो, "लाव तर खरा." "लावलाय." सेकंदाला पंधरा हजार कंपनांचा तो स्वर होता. तरुण कान वीस हजारांपर्यंत ऐकतात; त्याच्या दुपटीहून थोडे जास्त म्हणून सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतलेले असते. वय वाढते तसा वरचा मजला हळूहळू बंद होतो. माझ्याच घरात एक आवाज भरून राहिला होता आणि मी त्याच्या बाहेर उभा होतो. चाळिशीचा चष्मा मी हसत लावला होता. हे तितके हसत घेता आले नाही.

तिच्या विद्येशी माझी पहिली ओळख 'प'मुळे झाली. ती कसलेसे निवेदन मुद्रित करीत होती आणि 'फ' व 'भ' आले की यंत्रात धप्प असा आवाज येई. तिने माइकपुढे भरतकामाच्या रिंगणावर जुनी नायलॉनची ओढणी ताणून बसवली होती, तरी 'भ' काही ऐकेना. "'म'ला असं होत नाही, 'भ'लाच का?" असे ती स्वतःशीच पुटपुटली, आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवले. प-वर्ग ओष्ठ्य आहे, ओठ मिटून उघडताना हवा सुटते. त्यात 'फ' आणि 'भ' महाप्राण, म्हणजे हवेचा लोट आणखी मोठा. आणि 'म' अनुनासिक, त्याची हवा नाकावाटे जाते. हे मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. पण त्या वीस वर्षांत 'महाप्राण' हा शब्द ऐकून कुणाचे डोळे असे चमकलेले मी पाहिले नव्हते. तिने तोंडापुढे तळहात धरून क-पासून म-पर्यंत सगळी बाराखडीची वाडी पालथी घातली. "बाबा, हे आपल्या लोकांनी माइक नसताना शोधून काढलं?" मी "हो" म्हणालो, जणू काही मीच शोधून काढले होते.

या ऐटीतच मी फसलो. गेल्या पावसाळ्यात ती म्हणाली, "बाबा, एका खोलीचा घुमारा मोजून आणायचाय. तुझा वर्ग दे." मी प्राचार्यांची परवानगी काढली आणि श्रावणातल्या एका रविवारी आम्ही बापलेक कॉलेजात गेलो.

आमचा वर्ग जुन्या दगडी इमारतीत आहे. उंच छत, गिलावा केलेल्या भिंती, शहाबादी फरशी, मुलांनी पिढ्यान्पिढ्या नावे कोरलेले बाक, आणि एका टोकाला लाकडी व्यासपीठ. कन्येने फीत लावून मापे घेतली: बारा मीटर लांब, साडेसात रुंद, पाच उंच. मग लॅपटॉप उघडला, तिकाटण्यावर माइक उभा केला आणि पिशवीतून फुग्यांचे पाकीट काढले. शिपाईमामांना वाटले, कुणाचा तरी वाढदिवस आहे.

फुगा फुटला. आवाज झाला तो एवढासा; पण तो गेला, मागच्या भिंतीवर आपटून आला, छताला लागला, पुन्हा गेला. झरोक्यातली पारवी उडाली. लॅपटॉपवर एक उभी रेघ उठली आणि डोंगराच्या उतारासारखी सावकाश खाली आली. आवाज साठ डेसिबलने, म्हणजे दहा लाखांत एक एवढा उतरायला लागणारा काळ हा खोलीचा घुमारा. आमच्या वर्गाचा निघाला २.८ सेकंद. "वर्गाला एका सेकंदाच्या आत हवा," ती म्हणाली. "देवळाला हा चालेल."

पुढचा फुगा फुगवता फुगवता तिने मला सॅबीन नावाच्या प्राध्यापकाची हकिकत सांगितली. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने व्याख्यानांसाठी एक नवे दालन बांधले. देखणे होते, पण त्यात बोललेले अक्षर कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्यात वक्त्याचे पुढचे वाक्य येऊन त्यावर पडे. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी वॉलेस सॅबीन या सत्ताविशीतल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला सांगितले, काहीतरी करा. या गृहस्थाने रात्री रस्ते शांत झाल्यावर शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, हातातल्या घड्याळावर आवाज विरेपर्यंतचा काळ मोजायचा, आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचे. आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत. अंगावरच्या कपड्यांनीही फरक पडतो असे दिसल्यावर तो प्रयोगाला ठरलेलेच कपडे घालू लागला. आवाज पिण्याचे त्याचे माप होते उघडी खिडकी, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. पुढे १९०० साली उघडलेले बोस्टनचे संगीतगृह त्याच्याच हिशेबाने बांधले गेले.

एक व्याख्यान कळावे म्हणून रात्र रात्र गाद्या वाहणाऱ्या त्या प्राध्यापकाला मी मनातून नमस्कार केला. आमच्या खिडक्या मात्र रस्त्यावरच्या हॉर्नांमुळे वर्षानुवर्षे बंद आहेत.

"आता माणसं घालू," कन्या म्हणाली. माणूस म्हणजे आवाजाच्या दृष्टीने एक मोठी गोधडीच. बसलेला प्रत्येक श्रोता सुमारे अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज पितो. तिने लॅपटॉपवर रकाने पाडले होते: श्रोते शून्य, श्रोते ऐंशी. ऐंशी मुलांनी हा वर्ग भरला तर घुमारा २.८ वरून १.१७ वर येत होता. "म्हणजे तू नोकरीला लागलास तेव्हाचा," ती म्हणाली. मी २००४ साली लागलो. खरोखरच तेव्हा बाकांवर जागा नसे. मुले खिडकीच्या कट्ट्यावर बसत. "आणि आत्ताचे साठ धरते. तू म्हणतोस तसे."

मी घरी साठ म्हणत असे. कधीतरी एकदा खरेच साठ होती, आणि मग आकडा बदलायचे राहून गेले. पन्नास झाली तेव्हा वाटले, दहाने काय होते. चाळीस झाली तेव्हा कुणी विचारले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, कॉलेजात पेढे वाटले, मी भाषण केले. त्या दिवशी माझ्या वर्गात सतरा मुले होती आणि पेढे उरले. संख्या आणखी घसरली तर हा वर्गच बंद करावा लागेल, असे एक पत्र माझ्या खणात आहे. मुलीने मराठी घ्यावे, असे मला का वाटत होते, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. आंबा आणि टरफल हे नुसते बोलायचे. मला एक बाक भरायचा होता.

"अकरा," मी म्हणालो.

"अकरा गैरहजर?"

"अकरा हजर. पटावर चौदा."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. साठ खोडून तिने अकरा घातले. २.३५.

शिपाईमामा दाराशी उभे होते; ते उगीचच बाहेर जाऊन व्हरांड्यातले कबुतर हाकलू लागले. मी एका बाकावरचे कोरलेले नाव वाचत बसलो. थोड्या वेळाने कन्या म्हणाली, "मग घशाचं बरोबर आहे."

दोन वर्षे माझा घसा बसतो. डॉक्टर झाले, ज्येष्ठमध झाला, गुळण्या झाल्या. मुले ऐकत नाहीत म्हणून मी आवाज चढवीत होतो, आणि आवाज चढवावा तसा मुलांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ वाढत होता. कन्येने समजावून सांगितले ते असे: बोलण्यातला जोर सगळा स्वरांत असतो, आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. काळ, गाळ, बाळ, टाळ यांतला 'आ' दांडगा. पण शब्द वेगळे करणारे क, ग, ब, ट हे बिचारे क्षणभराचे आणि अशक्त. घुमणाऱ्या खोलीत मागच्या 'आ'ची शेपटी पुढच्या व्यंजनावर पसरते आणि ते बुडते. मोठ्याने बोलावे तर शेपटीही तेवढीच मोठी होते.

मला एकदम सहामाहीचे पेपर आठवले. 'एकनाथांची गारुडे' असे एका मुलाने पानभर लिहिले होते. नाथांचे गारुड्यावरही भारूड आहे, म्हणून मी अर्धा गुण दिला होता. एकीने ज्ञानेश्वरांच्या विराण्यांना 'विहिणी' केले होते. मी ते उतारे प्राध्यापकांच्या खोलीत वाचून दाखवले होते आणि आम्ही सगळे खूप हसलो होतो. मुलांनी जे ऐकू आले तेच इमानेइतबारे लिहिले होते.

"ते मागं बसतात ना?" कन्येने विचारले. अकराच्या अकरा शेवटच्या दोन रांगांत. "इथं तुझा सरळ आवाज एक-सव्वा मीटरपर्यंतच भिंतींवर मात करतो. पुढं पुढं तू कमी, भिंती जास्त. व्यासपीठावरून उतर. त्यांना पुढं बोलव, जवळ बस, हळू बोल. आणि मागच्या भिंतीवर काहीतरी जाड टांग, भिंतीपासून वीतभर सोडून."

परत येताना स्कूटरवर ती काही बोलली नाही, मीही नाही. रात्री जेवण झाल्यावर मी सौ.ला खरा आकडा सांगितला. ती ओटा पुसत होती. म्हणाली, "ठाऊक आहे. तुमच्या पेपरांचा गठ्ठा दरवर्षी कपाटावरून मीच नाही का काढत?"

सोमवारी मी व्यासपीठावर चढलो नाही. मुलांना पुढच्या दोन बाकांवर बोलावले तेव्हा त्यांना वाटले, काहीतरी शिक्षा आहे. एका बाकावर मी त्यांच्याकडे तोंड करून बसलो आणि घरात बोलतो तशा आवाजात एक भारूड वाचले. पहिली पाच मिनिटे मला फार लाज वाटली. वीस वर्षे छताशी बोलण्याची सवय. मग एक मुलगी, जी दीड वर्ष शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसत असे आणि जिचा आवाज मी हजेरीच्या 'येस सर'पलीकडे ऐकला नव्हता, तिने हात वर केला.

"सर, हे आधी कधी शिकवलं नव्हतं ना तुम्ही?"

मी ते जुलैत दोन तास शिकवले होते. "नाही," मी म्हणालो, "आजच."

दुपारी भांडारात गेलो. स्नेहसंमेलनाच्या सतरंज्या तिथे वर्षातले अकरा महिने घडी घालून पडलेल्या असतात. भांडारपालांनी चष्म्यावरून पाहिले आणि वही पुढे केली. वस्तू: सतरंजी. नग: सहा. परत करण्याची तारीख: संमेलनापूर्वी. शेवटचा रकाना होता 'कारण'. त्यांना घाई होती आणि रकाना बोटभर रुंद. मी 'मराठी' असे लिहिले आणि सही केली.